प्रश्नचिन्हाचा सातबारा

शनिवारची सकाळ, हातात कॉफीचा मग आणि फोनवर थेट दोडामार्गहून बाबा. ‘‘गो, माझो सातबारो बँकेत चलणा नाय!’’

मंडळी, या तक्रारीत आरोपी मीच होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि घरचा जुना लॅपटॉप काही विंडोज ११ घेईना. मग दिवाळीला गेले तेव्हा मोठ्या ऐटीत त्यावर लिनक्स मिंट टाकून आले. फुकट, हलकं, झकास! बाबाही खूश होते. पण काजूच्या बागेसाठी कर्ज काढायचं ठरलं, त्यांनी डिजिटल सहीचा सातबारा डाउनलोड केला, बाजारात जाऊन प्रिंट काढली, तर सहीवर हे एवढं पिवळं प्रश्नचिन्ह. बँकेतल्या साहेबांनी कागद परत दिला. म्हणे, सही व्हेरिफाय झालेली नाही.

लिनक्सवाल्यांना हे दुखणं नवं नाही. २००० च्या दशकात लिनक्स टाकलं की पहिला आठवडा प्लगिन शोधण्यातच जायचा. व्हिडिओसाठी फ्लॅश, फॉर्मसाठी जावा, पीडीएफसाठी अडोबी रीडर. कितीतरी मराठी साइट्सचे फाँट तर फक्त इंटरनेट एक्स्प्लोररमध्येच नीट दिसायचे. बाकीच्यांच्या नशिबी नुसती चौकोनांची रांगोळी! आज ती प्लगिन्स इतिहासजमा झालीत. फायरफॉक्समध्ये २०१३ पासून पीडीएफ आपोआप उघडते, आणि २०२० च्या अखेरीस फ्लॅशचाही निकाल लागला. मग आता घोडं अडतं कुठे? कागदपत्रांत.

त्यात नेहमीच्या अडचणी दोन. पहिली म्हणजे एखादा फॉर्म उघडावा, तर आत फक्त ‘प्लीज वेट’ लिहिलेलं एक पान. कितीही वेट करा, पुढे काही होत नाही! हा अडोबीचा ‘एक्सएफए’ नावाचा प्रकार. साध्या व्ह्यूअरला तो कळत नाही, पण फायरफॉक्सला २०२१ पासून कळतो. फाइलवर राइट क्लिक करून ती फायरफॉक्समध्ये उघडून बघा, बऱ्याचदा काम होतं.

दुसरी अडचण बाबांची, सहीची. मिंटसोबत येणारा व्ह्यूअर वाचायला छान, पण सही तपासायला ‘ओक्युलर’ हवा. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये तो फुकट मिळतो. मात्र सही खरी की खोटी हे ठरवायला त्याला कुणाच्या तरी शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. आपल्याकडे हा शब्द ‘सीसीए’चा, म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० खाली नेमलेल्या कंट्रोलरचा. त्यांच्या सरकारी साइटवरून रूट सर्टिफिकेट उतरवा आणि फायरफॉक्सच्या सेटिंग्जमधल्या सर्टिफिकेट्समध्ये ते इम्पोर्ट करा. तिथे दोन चौकटी दिसतील. ईमेलवाल्या चौकटीत टिक करा, वेबसाइटवाली रिकामीच सोडा. कागदाच्या सहीसाठी तिची गरज नाही. ओक्युलर ही यादी फायरफॉक्सकडूनच घेतो. नाहीच सापडली, तर त्याच्या पीडीएफ सेटिंगमध्ये फायरफॉक्सच्या प्रोफाइलचं फोल्डर दाखवून द्यायचं.

हे सगळं मी बाबांकडून फोनवर करून घेतलं. दीड तास! माझी कॉफी गार, त्यांचा चहा गार. शेवटी ओक्युलरने सांगितलं, सही व्हॅलिड आहे. आणि पानावर? प्रश्नचिन्ह जसंच्या तसं!

खरी गंमत इथेच आहे. ते प्रश्नचिन्ह म्हणजे पानावर काढलेलं नुसतं चित्र असतं. अडोबी रीडर सही तपासून त्या जागी हिरवी टिक दाखवतो, बाकीचे व्ह्यूअर चित्राला हात लावत नाहीत. म्हणजे बँकेला हवी होती ती हिरवी टिक छापून आली असती, तरी तिने काहीच सिद्ध झालं नसतं. कारण डिजिटल सही कागदावर नसतेच मुळी, ती फाइलमध्ये असते. प्रिंट काढली की सही मागे राहिली!

महाराष्ट्रात डिजिटल सहीचे सातबारे १ मे २०१८ पासून मिळताहेत. त्यांच्यावर पडताळणी क्रमांकही असतो. म्हणून सोमवारी बाबांनी बँकेला मूळ फाइल ईमेल केली आणि काउंटरवर शांतपणे तो क्रमांक पुढे केला. साहेबांनी महाभूमीच्या साइटवर टाकला, सातबारा स्क्रीनवर हजर. कागद जमा झाला.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी म्हणालं, ‘तुमच्या कॉम्प्युटरचा प्रॉब्लेम आहे’, तर लगेच मान खाली घालू नका. आधी फाइल बघा, मग विचारा, तुम्ही नक्की काय तपासताय?

संध्याकाळी पुन्हा बाबांचा फोन. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘मगे प्रिंट कित्याक काढूची?’’

बाबा, या प्रश्नचिन्हाचं उत्तर मात्र ओक्युलरकडेही नाही!