निळी ज्योत, पिवळी ज्योत

थंडी पडली की आमच्या गल्लीत दर दोन घरांआड एकच तक्रार ऐकू येते, ‘अगं, आमचा गॅस गिझर पेटतच नाहीये!’ मग कुणी मिस्टरांची वाट बघत बसतं, कुणी फिटरला फोन करून थकतं आणि तोवर घरभराचं आंघोळीचं पाणी शेगडीवर पातेल्यात तापत राहतं. मला मात्र न पेटणाऱ्या गिझरची भीती वाटत नाही. भीती वाटते ती मुकाट्याने पेटणाऱ्याची.

कारण सांगते. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात आमच्या धाकटीचं डोकं दर रविवारी दुखायचं. रविवार म्हणजे डोक्यावरून न्हाण्याचा दिवस. केस लांब, त्यामुळे अर्धा तास तरी गरम पाणी चालू. बाहेर आली की मळमळ, गरगर. सासूबाई म्हणाल्या, उपाशीपोटी न्हाते म्हणून पित्त चढतं. ह्यांनी मोबाइलला दोष दिला. मी चष्म्याचा नंबर तपासून आणला. एका रविवारी आतून बादली पडल्याचा आवाज आला. हाका मारल्या, उत्तर नाही. नशीब, कडी जुनी आणि ढिली होती, दोन धक्क्यांत दार उघडलं. मोकळ्या हवेत आणल्यावर पोर हळूहळू शुद्धीवर आली. दवाखान्यात डॉक्टरांनी आधी ऑक्सिजन लावला आणि मग विचारलं, ‘गिझर गॅसचा आहे? बाथरूमच्या आतच आहे?’

दोन्हीचं उत्तर ‘हो’ होतं. वर गार वारा येतो म्हणून खिडकीच्या जाळीला जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा मीच लावला होता. लिहायला जड जातंय, पण लिहितेच.

गॅस नीट जळायला भरपूर हवा लागते. बंद न्हाणीघरात ती कमी पडत जाते, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, म्हणून गळती कळते. याला ना रंग, ना वास. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा 200 पटींहून घट्ट चिकटतो. माणूस ठसकत नाही, ओरडत नाही, नुसता गळून जातो.

तेव्हा बायांनो, गिझरच्या खिडकीतून ज्योत बघायची सवय लावून घ्या. निळी असेल तर ठीक. पिवळी, लांबट दिसली, वरच्या पत्र्यावर काजळी धरली, तर बर्नर चोंदलाय किंवा हवा कमी पडतेय. ‘पाणी तापतंय ना, मग चालू दे’ म्हणू नका, त्याच दिवशी बंद करा.

आणि न पेटणाऱ्याचं म्हणाल, तर त्यात फार अवघड काही नसतं. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने आतला पडदा हलतो, सेलवर ठिणगी पडते, गॅसची झडप उघडते. टकटक आवाजच नाही किंवा क्षीण आहे? सेल बदला. नवे घालूनही नाही? टाकीत पाणी किती आहे बघा. पाणी आत येतं तिथल्या बारीक जाळीत गाळ अडकतो, बोअरच्या पाण्याचा तर हमखास. टकटक होते पण पेटत नाही, तर सिलिंडर संपलाय का, रेग्युलेटर चालू आहे का पाहायचं. इथवर आपलं काम. बर्नर आणि झडप उघडायची ती फिटरनेच. गॅसचा वास आला तर मात्र काहीच तपासत बसू नका. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, विजेच्या बटणाला हात नाही, आणि बाहेर जाऊन 1906 ला फोन.

फिटरलाही मी काही कमी बोलणार नाही. गिझर कुठे बसवायचा हे विचारायला त्याला ‘साहेब घरी कधी असतात?’ हवं होतं. साहेब पाच मिनिटांत न्हाऊन जातात हो! तासन्‌तास त्या न्हाणीघरात कपडे, बाळंतीण, म्हाताऱ्यांची आंघोळ हे सगळं बाई करते. चार हात नळी वाचावी म्हणून त्याने तो आत ठोकला, आणि आम्हीही भिंत चांगली दिसते म्हणून खूश. ‘एक्झॉस्ट फॅन लावा, काही होत नाही’ हे त्याचं दुसरं पालुपद. लाइट गेली की तो फॅन काय करणार? आणि वीज नसतानाही गरम पाणी मिळावं म्हणूनच तर आपण गॅसचा गिझर घेतो!

आमचा आता मागच्या भिंतीला, धुण्याच्या दगडावर पत्र्याखाली लटकतोय. सासूबाई म्हणाल्या, ‘आमचा बंब अंगणातच असायचा.’ वारा सुटला की कधीकधी विझतो. मग धाकटी साबणाच्या डोक्याने आतून ओरडते, ‘आई, गेला गं!’ नळ बंद करून परत सोड म्हटलं की पेटतो.