रनिंग बॅकची किंमत किती? ड्राफ्टच्या तोंडावर जुना वाद पुन्हा ऐरणीवर

नवी दिल्ली, २२ एप्रिल २०२५ : अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजेच एनएफएलमध्ये, यंदा कोणता महाविद्यालयीन खेळाडू कोणत्या संघाकडे जाणार, याचा निर्णय येत्या गुरुवारपासून तीन दिवस विस्कॉन्सिन राज्यातील ग्रीन बे येथे होणार आहे. ३२ संघ, सात फेऱ्या आणि २५७ निवडी असा हा ड्राफ्ट आहे. नेहमीप्रमाणे सर्वाधिक चर्चा क्वार्टरबॅकची असली, तरी यंदाचा अधिक खोल वाद त्याच्या मागे उभ्या राहणाऱ्या खेळाडूविषयी आहे. चेंडू छातीशी धरून बचावफळीत घुसणाऱ्या रनिंग बॅकवर पहिल्या दहांतील निवड खर्च करावी काय, हा प्रश्न बॉयसी स्टेट विद्यापीठाच्या अ‍ॅश्टन जेन्टीने संघ व्यवस्थापनांसमोर पुन्हा उभा केला आहे.

जेन्टीची कामगिरी वादातीत आहे. गेल्या हंगामातील १४ सामन्यांत त्याने ३७४ वेळा चेंडू घेऊन धावत २,६०१ यार्ड आणि २९ टचडाउन मिळवले. महाविद्यालयीन फुटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत एका हंगामात याहून अधिक यार्ड केवळ बॅरी सँडर्सच्या नावावर आहेत : १९८८ मध्ये २,६२८. सँडर्सने ते अवघ्या ११ सामन्यांत मिळवले होते. त्या काळी हंगामाअखेरच्या बोल सामन्याची आकडेवारी धरली जात नसे; ती धरली असती तर हा विक्रम जेन्टीच्या आवाक्यात आलाच नसता. तरीही उंची जेमतेम पाच फूट साडेआठ इंच, वजन २११ पौंड आणि पकडायला आलेल्याच्या हातून निसटण्याची असामान्य हातोटी, या साऱ्यामुळे त्याची सँडर्सशी होणारी तुलना अगदीच अस्थानी वाटत नाही. त्याच्या एकूण यार्डांपैकी सुमारे तीन चतुर्थांश यार्ड बचावपटूचा पहिला धक्का बसल्यानंतरचे आहेत.

बॉयसी स्टेटचे बहुतेक प्रतिस्पर्धी दुय्यम दर्जाचे होते, हा त्याच्यावरचा नेहमीचा आक्षेप आहे. तो पूर्णतः खरा नाही. नियमित हंगामात अपराजित राहिलेल्या ओरेगनविरुद्ध जेन्टीने १९२ यार्ड आणि तीन टचडाउन नोंदवले होते. मात्र ३१ डिसेंबरला फिएस्टा बोलमध्ये पेन स्टेटच्या बलदंड फळीने त्याला ३० प्रयत्नांत १०४ यार्डांवर रोखले, हेही तितकेच खरे. हंगामातील सर्वोत्तम खेळाडूसाठीच्या हाइसमन करंडकाच्या मतदानात तो कोलोरॅडोच्या ट्रॅव्हिस हंटरपाठोपाठ दुसरा आला.

जेन्टीच्या गुणवत्तेविषयी फारसे दुमत नसताना वाद का, हे समजण्यासाठी ड्राफ्टचे अर्थकारण पाहावे लागते. आयपीएलच्या लिलावात खेळाडूसाठी बोली चढत जाते. येथे बोली नसते. मागील हंगामात तळाशी राहिलेल्या संघाला निवडीचा पहिला मान मिळतो आणि २०११ च्या सामूहिक करारापासून प्रत्येक क्रमांकाचे वेतन जवळजवळ ठरलेलेच आहे. करार चार वर्षांचा; पहिल्या फेरीतील खेळाडूला पाचव्या वर्षासाठी रोखून धरण्याचा अधिकारही संघाकडे असतो. यंदा सहाव्या क्रमांकाच्या खेळाडूला चार वर्षांचे मिळून सुमारे साडेतीन कोटी डॉलर मिळतील, तर दुसऱ्या फेरीच्या मध्यावर ही रक्कम एक कोटीच्या आसपास घसरते. खेळाडू क्वार्टरबॅक असो वा रनिंग बॅक, क्रमांकाचे वेतन तेच.

येथेच गणित फिरते. खुल्या बाजारात अव्वल क्वार्टरबॅकचे वार्षिक वेतन सहा कोटी डॉलरवर गेले आहे. सिनसिनाटीचा रिसीव्हर जमार चेस याला गेल्या महिन्यात वर्षाला चार कोटींहून अधिक मिळाले. रनिंग बॅकचा उच्चांक मात्र फिलाडेल्फियाच्या सेक्वॉन बार्कलीचा, दोन कोटी सहा लाखांचा. म्हणजे सहाव्या क्रमांकावर उत्तम रिसीव्हर हाती लागला तर संघाची मोठी बचत होते. उत्तम रनिंग बॅक मिळाला तर ती बचत बरीच कमी. भरीस भर म्हणजे धावणाऱ्याचे शरीर लवकर झिजते. बहुतेकांचा वेग सत्तावीस-अठ्ठाविसाव्या वर्षापासून मंदावू लागतो आणि पहिला करार संपतो तेव्हा ते साधारण त्याच उंबरठ्यावर असतात. संघाला त्यांची सर्वोत्तम वर्षे ठरलेल्या दरात मिळतात; खेळाडूला मात्र मोठ्या कराराची वेळ येते तेव्हा बाजार पाठ फिरवतो. या व्यवसायात इतका प्रतिकूल करार दुसऱ्या कोणत्याही जागेच्या वाट्याला येत नाही. म्हणूनच जेन्टीसारख्या तरुणासाठी गुरुवारचा क्रमांक हा केवळ मानाचा प्रश्न नाही. कदाचित कारकिर्दीतील सर्वांत मोठी हमीची रक्कम तोच ठरवील.

हा असमतोल २०२३ च्या उन्हाळ्यात उघड झाला. बार्कली, जॉश जेकब्ज आणि टोनी पोलार्ड या तिघांनाही त्यांच्या संघांनी दीर्घ करार न देता वर्षभराच्या सुमारे एक कोटी डॉलरवर बांधून ठेवले. तेव्हा लीगमधील प्रमुख रनिंग बॅक दूरदृश्य बैठकीत एकत्र आले. हाती फारसे काही लागले नाही. पुढच्या वर्षी, २०२४ च्या ड्राफ्टमध्ये, पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक निवडला गेला नाही. पहिले नाव थेट ४६ व्या क्रमांकावर आले. २०१३ आणि २०१४ मध्येही पहिली फेरी अशीच कोरडी गेली होती.

त्यामागे अनुभव होता. २०१२ मध्ये क्लीव्हलँडने तिसऱ्या क्रमांकावर घेतलेला ट्रेंट रिचर्डसन दुसऱ्याच हंगामात दुसऱ्या संघाकडे धाडला गेला. डॅलसने २०१६ मध्ये चौथ्या क्रमांकावर घेतलेल्या इझिकियल एलियटने दोनदा लीगमध्ये सर्वाधिक यार्ड मिळवले. निवड चुकली असे कोणी म्हणणार नाही. पण २०१९ मध्ये त्याला दिलेला सहा वर्षांचा, नऊ कोटी डॉलरचा वाढीव करार मात्र चुकला आणि २०२३ मध्ये त्याला मुक्त करण्यात आले. दुसरीकडे कॅन्सस सिटीने २०२२ मध्ये सातव्या फेरीत, २५१ व्या क्रमांकावर घेतलेला आयझाया पचेको पहिल्याच वर्षी विजेतेपदाच्या संघात मुख्य धावपटू होता.

मग यंदा वारे का फिरले? याचे उत्तर बहुतेक जण एका नावात देतात : बार्कली. न्यूयॉर्क जायंट्सने सोडून दिलेल्या बार्कलीने फिलाडेल्फियासाठी नियमित हंगामात २,००५ यार्ड मिळवले आणि फेब्रुवारीत संघाने कॅन्सस सिटीला ४०-२२ असे नमवून सुपर बोल जिंकला. तिशी ओलांडलेल्या डेरिक हेन्रीने बाल्टिमोरसाठी १,९२१ यार्ड काढले. रनिंग बॅकचे दिवस परतले, असा निष्कर्ष यावरून काढला जात आहे.

हा निष्कर्ष घाईचा आहे. याच बार्कलीने २०२३ मध्ये जायंट्ससाठी दर प्रयत्नामागे ३.९ यार्ड मिळवले होते. फिलाडेल्फियात हीच सरासरी ५.८ झाली. माणूस तोच, वय एका वर्षाने वाढलेले. बदलली ती त्याच्यापुढची पाच जणांची फळी. बचावपटूंना थोपवून वाट मोकळी करणारी फिलाडेल्फियाची ही फळी लीगमधील सर्वोत्तमांत गणली जाते. शिवाय ज्या संघाने २०१८ मध्ये दुसऱ्या क्रमांकाची मौल्यवान निवड बार्कलीवर खर्चली, त्याला त्याचे फळ मिळाले नाही. ते मिळाले सहा वर्षांनी ड्राफ्टमधील एकही निवड न गमावता त्याला करारबद्ध करणाऱ्या फिलाडेल्फियाला. बार्कलीचा हंगाम रनिंग बॅकच्या महत्त्वाचा पुरावा जरूर आहे, पण रनिंग बॅक लवकर निवडावा, याचा नव्हे. फळी आधी आणि धावपटू नंतर, हाच त्याचा सरळ अर्थ.

जेन्टीच्या विरोधात जाणारी दुसरी गोष्ट म्हणजे त्याच्या मागे उभी असलेली रांग. इतका भरगच्च रनिंग बॅक वर्ग गेल्या काही वर्षांत आलेला नाही. नॉर्थ कॅरोलायनाच्या ओमारियन हॅम्प्टनने सलग दोन हंगाम १,५०० यार्डांच्या वर मजल मारली. २२१ पौंड वजन घेऊन तो ४० यार्ड ४.४६ सेकंदांत धावतो आणि गेल्या हंगामात त्याने ३८ पासही झेलले. पहिल्या फेरीत जेन्टीशिवाय आणखी कोणी निवडला जाईल तर तो हॅम्प्टनच, असा कयास आहे.

राष्ट्रीय विजेत्या ओहायो स्टेटने तर एकाच वेळी दोघांना घडवले. क्विनशॉन जडकिन्स (१,०६० यार्ड) आणि ट्रेव्हियॉन हेंडरसन (१,०१६ यार्ड) यांनी भार वाटून घेतला. दोघांत जडकिन्स अधिक धडाक्याचा. नोत्र दामविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याचे तीन टचडाउन निर्णायक ठरले. परंतु आधीची दोन वर्षे ओल मिसमध्ये काढलेल्या जडकिन्सच्या खात्यावर एकूण ७३९ धावा-प्रयत्न जमा आहेत, जेन्टीच्या ७५० इतकेच जवळजवळ. जेन्टीच्या झिजेची चिंता वाहणारे जडकिन्सच्या बाबतीत मात्र गप्प असतात. हेंडरसनचे प्रयत्न सहाशेच्या आत आहेत आणि क्वार्टरबॅकवर चाल करून येणाऱ्याला अडवण्याचे, टाळ्या न मिळवणारे काम तो मन लावून करतो. प्रशिक्षकांना असा खेळाडू पहिल्या दिवसापासून मैदानात ठेवता येतो.

आयोवाचा केलेब जॉन्सन १,५३७ यार्ड आणि २१ टचडाउन घेऊन आला, पण ४० यार्डांना ४.५७ सेकंद लागल्याने त्याची पत थोडी उतरली. अ‍ॅरिझोना स्टेटचा कॅम स्कॅटेबू १,७११ यार्ड धावला आणि पास झेलून त्याने आणखी ६०५ यार्ड मिळवले. त्याच्या वेगाविषयी शंका असली तरी त्याला पाडणे किती अवघड, हे टेक्सासने पीच बोलमध्ये अनुभवले. घड्याळावर एवढा भर का द्यावा, हेही कळत नाही. लीगच्या इतिहासात सर्वाधिक १८,३५५ यार्ड मिळवणारा एमिट स्मिथ १९९० मध्ये वेगाच्या शंकेमुळेच १७ व्या क्रमांकापर्यंत घसरला होता. जेन्टीने इंडियानापोलिसच्या चाचणी शिबिरात ४० यार्डांची धाव घेतलीच नाही. २,६०१ यार्डांची चित्रफीत उपलब्ध असताना त्याने ते टाळले, यात नवल नाही.

साऱ्यांच्या नजरा आता सहाव्या क्रमांकावरील लास व्हेगास रेडर्सवर आहेत. गेल्या हंगामात धावून सर्वांत कमी यार्ड मिळवणारा हाच संघ. जेकब्जला त्याने वर्षभरापूर्वीच जाऊ दिले. नवे प्रशिक्षक पीट कॅरल यांचा धावत्या खेळावरचा विश्वास सर्वश्रुत आहे. सिअ‍ॅटलला त्यांनी मार्शॉन लिंचच्या बळावर सुपर बोल जिंकून दिला. पण त्याच कॅरल यांच्या कारकिर्दीत सिअ‍ॅटलने २०१८ मध्ये पहिल्या फेरीत रशाद पेनीला घेतले, आणि त्या हंगामात १,१५१ यार्ड मिळवले ते आदल्या वर्षी सातव्या फेरीत आलेल्या ख्रिस कार्सनने. पेनी ४१९ वर थांबला.

सर्वांत कमी यार्ड हा केवळ धावपटूचा दोष नसतो. पुढच्या फळीचाही असतो. रेडर्सने सहाव्या क्रमांकावर जेन्टीला घेतले आणि फळी तशीच ठेवली, तर जायंट्सने बार्कलीबाबत केलेली चूक ते पुन्हा करतील. फळीतील एखादा तगडा खेळाडू आधी घेऊन दुसऱ्या फेरीत हेंडरसन वा जडकिन्सकडे वळणे, हा त्यांच्यासाठी अधिक शहाणपणाचा मार्ग दिसतो. दहाव्या क्रमांकावरील शिकागो आणि बाराव्यावरील डॅलस यांचे गणित थोडे वेगळे आहे : तेथवर जेन्टी उरलाच, तर क्रमांकाचे वेतनही खाली आलेले असेल आणि जोखीमही.

पहिली फेरी भारतीय वेळेनुसार शुक्रवारी पहाटे साडेपाच वाजता सुरू होईल. दुसरी आणि तिसरी फेरी शनिवारी पहाटे. हेंडरसन, जडकिन्स आणि जॉन्सन यांची नावे तेव्हा पुकारली जाण्याची शक्यता अधिक आहे.