वकील कोर्टात, दावा तहसिलीत

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना मिळणारे दरमहा दीड हजार रुपये ऑक्टोबर 2025 पासून अडीच हजार झाले. त्याच वर्षी जूनमध्ये माजी आमदार बच्चू कडू यांनी दिव्यांगांच्या मागण्यांसाठी मोझरीत अन्नत्याग केला होता. मागणी सहा हजारांची होती. वाढ झाली हे बरेच झाले. पण ज्याची फाइल तहसिलीतल्या टेबलावरून हलतच नाही, त्याला दीड काय आणि अडीच काय! परभणी जिल्ह्यातल्या नऊही तालुक्यांत असे अर्जदार भेटतील. त्यांना सर्वाधिक गरज वकिलाची आहे आणि नेमका तोच त्यांच्या वाट्याला येत नाही.

उत्पन्नाची अट पाहा. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50 हजार रुपये. रोजगार हमीवर महाराष्ट्रातली 2025-26 ची मजुरी दिवसाला 312 रुपये. घरातल्या एकाच माणसाने या दराने वर्षात 161 दिवस काम केले, की अख्खे कुटुंब मर्यादेबाहेर. गंगाखेड-पालमकडून ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्याचे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीचे, तर बोलायलाच नको. अट इतकी तोकडी ठेवायची आणि दाखला खोटा निघाला की अर्जदाराला दरडावायचे, हा सरकारी साळसूदपणा झाला.

दुसरी अडचण प्रमाणपत्राची. 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाचे प्रकार सातवरून एकवीस केले. लाभासाठी मात्र 40 टक्क्यांची रेघ राहिली. वैद्यकीय मंडळाने 38 टक्के लिहिले तर माणूस सिव्हिलमधून मान खाली घालून गावी परततो. याच कायद्याच्या कलम 59 नुसार त्या निर्णयावर अपील करता येते, हे त्याला तिथे कोण सांगणार? तिसरी अडचण केवायसीसाठी लागणाऱ्या अंगठ्याची. कुष्ठरोगातून बरे झालेल्या माणसाची बोटेच झिजलेली असतील तर यंत्रावर ठसा कसा उमटणार? सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सुविधा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि केवायसीची पद्धत दिव्यांगांना जमेल अशी करायला सांगितले. हा निकाल दाखवायलाही कुणीतरी जाणता सोबत हवा.

या सगळ्याहून वाईट म्हणजे तोंडी नकार. ‘तुमचं बसत नाही’, ‘त्रुटी आहे’, ‘पुढच्या मीटिंगला बघू’. कागदावर काहीच नाही, मग अपील करायचे तरी कशावर? अधिसूचित सेवांचा अर्ज नाकारायचा तर कारणे लेखी द्या, असे राज्याचा 2015 चा लोकसेवा हक्क कायदा बजावतो. ते कारण मागायची धमक एकट्या, कुबडीवर उभ्या असलेल्या माणसाकडून अपेक्षित धरणे अन्यायाचे आहे.

खासगी वकील हे काम का घेत नाही, हेही समजून घ्यायला हवे. अमेरिकेत अपंगत्व भत्त्याच्या दाव्यात वकिलाला थकबाकीतून, ठरलेल्या मर्यादेत, वाटा मिळतो. म्हणून तिथे अशा दाव्यांवरच चालणारी कार्यालये आहेत. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांनुसार निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही आणि मिळालेल्या रकमेत हिस्साही घेता येत नाही. हा नियम योग्यच आहे. पण त्याने मोकळी सोडलेली जागा एजंटाने बळकावली. वकिलाला जो वाटा कायद्याने घेता येत नाही, तो एजंट उघडपणे मागतो, वर उपकारही चढवतो.

ही जागा सरकारी विधी सेवेची आहे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, विधी सेवेच्या व्याख्येत न्यायालयाबरोबर ‘अन्य प्राधिकारी’ही येतात. सल्ला देणेही त्यातच येते. म्हणजे तहसीलदारापुढच्या अर्जासाठी मदत मागणाऱ्याला ‘आधी कोर्टात केस करा’ असे सांगता येणार नाही. तरीही ही यंत्रणा लोकांना दिसते ती 9 नोव्हेंबरच्या विधी सेवा दिनाला आणि 3 डिसेंबरच्या दिव्यांग दिनाला, बॅनर आणि सत्कारांसह. एरवी ती न्यायालयाच्या आवारात बसते आणि अर्जदार तहसिलीच्या पायऱ्यांवर.

परभणीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने दिव्यांगत्व तपासणारे वैद्यकीय मंडळ बसते त्या दिवशी रुग्णालयात एक विधी स्वयंसेवक बसवावा. प्रत्येक तहसिलीत आठवड्यातला एक ठरलेला वार मदतीसाठी ठेवावा. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या (नालसा) 2011 च्या विधी सेवा केंद्र विनियमांत याला पुरेपूर वाव आहे. जिल्हाधिकाऱ्यांनी एका परिपत्रकाने तोंडी नकार बंद करावेत. बोगस प्रमाणपत्रांचे कारण पुढे केले जाईल. 2024 मध्ये एका परिविक्षाधीन सनदी अधिकाऱ्याच्या प्रकरणानंतर ते वरचेवर ऐकू येते. तपासणी जरूर करा. पण बोगसगिरी नोकरीच्या आरक्षणात सापडली म्हणून निराधाराच्या अडीच हजारांना चाळणी लावायची, हा न्याय उफराटा आहे.

दिव्यांग वाचकांनी आणि त्यांच्या घरच्यांनी तोंडी ‘नाही’ ऐकून परत फिरू नये. अर्जाची पोच घ्यावी, नकार लेखी मागावा. तो मिळाला नाही तर जिल्हा न्यायालयातले प्राधिकरण गाठावे किंवा 15100 या क्रमांकावर फोन करावा. या फोनला पैसे पडत नाहीत, आणि नेमून दिलेल्या वकिलाचे मानधन सरकार भरते.