घरे मिसळली, माणसांचे काय?

पुणे-सोलापूर मार्गावरील लोणी देवकर येथे औद्योगिक वसाहत आली आणि इंदापूर तालुक्यातील या गावाच्या आसपास नाना तऱ्हेची घरे दिसू लागली. जुन्या गावठाणातील मातीची घरे, पत्र्याचे निवारे, शासनाची घरकुले, कामगारांना भाड्याने द्यावयाच्या खोल्या, मळ्यातले बंगले! बारामतीस गेले म्हणजे यांत सदनिकांची भर पडते. नगररचनेचे जाणकार अशा मिश्रणाचे कौतुक करतात, आणि ते योग्यच आहे. लहानमोठी घरे एकाच आळीत असली म्हणजे शाळा, पाणी व रस्ता सर्वांस सारखा मिळतो. परंतु घरे मिसळली म्हणून माणसे मिसळली, असे समजण्याचे कारण नाही.

पूर्वी गावात घराचा प्रकार आणि घराची दिशा ही दोन्ही जातीवरून ठरत. आज प्रकार पैशावरून ठरतो, दिशा मात्र पुष्कळ ठिकाणी तीच राहिली आहे. रमाई आवास योजनेतून अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना सुमारे २६९ चौरस फुटांचे पक्के घर मिळते. ही मदत मोलाची आहे. तथापि ते घर उभे राहते ते बहुधा जुन्या वस्तीच्याच जागेवर, कारण दुसरी जागा आपल्या नावावर नसते. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. पाटी बदलली, पण नकाशा तोच राहिला.

येथे कोणी विचारील की, स्वतंत्र वसाहतींची मागणी खुद्द बाबासाहेबांच्या चळवळीनेच केली नव्हती काय? होय, जुलै १९४२ च्या नागपूर परिषदेत तसा ठराव झाला होता. परंतु ती मागणी जमिनीसह होती. गावाच्या उष्ट्यावर व वतनाच्या बेगारीवर जगणाऱ्या माणसाला स्वतःच्या शेतीवर उभे करावे, हा तिचा हेतू. गावाच्या कडेला, शेतजमिनीवाचून, दोन ओळी घरकुलांच्या उभ्या करणे म्हणजे ती वसाहत नव्हे. आपली माणसे जवळ असावीत, विहार हाकेच्या अंतरावर असावा, ही इच्छा आम्हांस मान्य आहे. तीत सुरक्षितताही आहे. पण जवळ राहणे स्वेच्छेने असावे, दुसरीकडे दार बंद आहे म्हणून नसावे.

आणि दार बंद असते! आमच्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या सुशिक्षित तरुणांचा अनुभव एकच. आडनाव सांगेपर्यंत खोली रिकामी असते. सांगितल्यावर ती घरमालकाच्या भाच्यासाठी राखून ठेवलेली निघते. परदेशाची विद्या घेऊन १९१७ साली बडोद्यास गेलेल्या बाबासाहेबांनाही राहावयास घर मिळाले नाही. शतक उलटले, आता नकार गोड शब्दांत देतात, एवढेच.

कायदा येथे अगदीच मुका नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ प्रमाणे अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत घर बांधण्यास, घेण्यास वा त्यात राहण्यास अटकाव करणे हा गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये एका पारशी गृहनिर्माण संस्थेची सभासदत्व पारशांपुरते ठेवणारी उपविधी वैध ठरविली खरी, आणि त्या निकालाने आम्ही निराश झालो. पण त्याने अस्पृश्यता पाळण्याचा परवाना कोणासही मिळालेला नाही. कलम १२ तर त्याहून महत्त्वाचे. असे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीसंबंधी घडले, तर ते अस्पृश्यतेच्या कारणानेच घडले असे न्यायालय गृहीत धरते; उलट सिद्ध करण्याचा भार आरोपीवर पडतो.

म्हणूनच नव्याने धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांना एक गोष्ट आग्रहाने सांगावयाची आहे. ‘जात सोडली, आता जातीचा दाखला कशाला?’ या विचाराने पुष्कळजण तो काढीतच नाहीत. भावना निर्मळ आहे, व्यवहार मात्र घातक आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या यादीत स्थान मिळाले. कलम १२ चे गृहीतक त्याच दाखल्यावर उभे राहते. दाखला ही श्रद्धेची कबुली नव्हे, अन्यायाचा पुरावा आहे. तो पेटीत असावा. घरकुलाची जागा गावठाणात असेल, तर तिचे मालमत्ता पत्रकही त्याच पेटीत, आणि त्यावर पतीबरोबर पत्नीचेही नाव. ग्रामसभेत घरकुलांच्या जागांचा विषय निघेल तेव्हा नवीन गावठाणातील भूखंड सर्व आळ्यांत वाटून मागावेत, आणि ही मागणी तोंडी न करता लेखी देऊन तिची पोच घ्यावी.