तात्पुरत्या हेलिपॅडच्या सुरक्षिततेबाबत मागणीपत्र

प्रति,
मा. मुख्य सचिव, महाराष्ट्र शासन, मुंबई

महोदय,

२५ मे २०१७ रोजी निलंग्याहून उडताच तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर विजेच्या तारांत अडकून कोसळले. सुदैवाने सगळे बचावले. ३ मे २०२४ रोजी महाडला राजकीय नेत्या सुषमा अंधारे यांना न्यायला आलेले हेलिकॉप्टर तात्पुरत्या हेलिपॅडवर उतरतानाच कोसळले. तरीही सभेची जागा ठरवताना आजही आधी पाहिले जाते ते व्यासपीठापासूनचे अंतर.

आमची सर्वांत आग्रहाची मागणी तारांबाबत आहे. वरून खांब दिसतो, तार दिसत नाही. खांबांच्या रांगेवरून वैमानिक तिचा अंदाज बांधतो. खांब झाडाआड गेला की तो आधारही सुटतो. म्हणून येण्याच्या व जाण्याच्या दिशांतील प्रत्येक वाहिनी दाखवणारा नकाशा, छायाचित्रांसह, महावितरण व सार्वजनिक बांधकाम विभागाने मिळून आदल्या दिवशी वैमानिकाला द्यावा. वीजपुरवठा बंद ठेवला आहे, हे उत्तर आम्हाला मान्य नाही. प्रवाह नसलेली तारही पंख्यात अडकतेच. मार्गातली तार टाळता येत नसेल, तर जागा बदलावी.

उड्डाणाच्या दिशेला अधिक मोकळीक हवी. मे महिन्याच्या उन्हात हवा विरळ होते, पंख्याची उचल आणि इंजिनाची ताकद घटते, त्यात प्रवासी बसल्याने वजन वाढलेले असते. अशा वेळी सरळ वर चढणे जमतेच असे नाही. पुढे वेग घेत चढायला मोकळे रान लागते. वाराही फिरतो, त्यामुळे येण्याजाण्याला एकच वाट असलेली जागा मंजूर करू नये.

धुळीसाठी हेलिपॅडवरच्या चुन्याच्या वर्तुळापुरता टँकर फिरवून भागत नाही. भोवतालची जमीनही मुरेपर्यंत भिजवावी आणि हेलिकॉप्टर येण्याच्या थोडे आधी पुन्हा पाणी मारावे. जमिनीलगत धुळीचा लोट उठला की वैमानिकाला समोरचे काहीच दिसत नाही. जवळचे फ्लेक्स, पताका, ताडपत्र्या काढाव्यात. गर्दी बॅरिकेडबाहेर ठेवावी. कारण हेलिकॉप्टरच्या शेपटीचा पंखा फिरताना दिसत नाही.

वैमानिकाने वरून फेरी मारून जागा नाकारली, तर तो निर्णय अंतिम मानावा. त्यावर आयोजकांचा वा अधिकाऱ्यांचा दबाव येऊ नये, कंपनीने त्याला जाब विचारू नये, हे भाड्याच्या करारातच लिहावे. पर्यायी जागा आधीच तयार असावी, नाहीतर नकाराचा अधिकार कागदावरच राहतो.

पुढील निवडणुकीची आचारसंहिता लागण्यापूर्वी या मागण्यांवर बैठक बोलवावी, ही विनंती.

आपले,
अध्यक्ष व सरचिटणीस
(हेलिकॉप्टर वैमानिक व ग्राउंड क्रू यांच्या संघटनेच्या वतीने)