घुम्या

परवा गणपतीत रोह्याला आत्याकडे गेलो होतो. आतेभावाचा नववीतला मुलगा मोबाईल पुढे करून म्हणाला, "काका, मी टेस्ट दिली. मी इंट्रोव्हर्ट निघालो. त्यामुळे यंदा वक्तृत्व स्पर्धेत भाग घेणार नाही."

आधी हसू आलं. मग नाही आलं. लहानपणी पेणला मला सगळे 'घुम्या' म्हणायचे आणि पुढे कित्येक वर्षं मी तो शब्द इमानेइतबारे पाळला. कुठे बोलायची वेळ आली की मागच्या रांगेत!

अंतर्मुख-बहिर्मुख ही जोडी कार्ल युंगने १९२१च्या पुस्तकातून रूढ केली. फ्रॉइडच्या मते माणसाची घडण पहिल्या पाच-सहा वर्षांतच होते. ॲडलर विचारतो, तुम्ही भावंडांत कितवे? १९६८ साली वॉल्टर मिशेलने उलटाच मुद्दा मांडला: तोच माणूस प्रसंग बदलला की वेगळा वागतो.

आता आमच्याच भागातली माणसं बघा. विनोबा पेण तालुक्यातल्या गागोद्याचे, जन्म ११ सप्टेंबर १८९५. १९१६ साली इंटरच्या परीक्षेला मुंबईला निघाले, वाटेत सुरतेला उतरले आणि थेट काशी गाठली. १९५१पासून भूदानासाठी वर्षानुवर्षं गावोगाव चालले, रोज नव्या माणसांपुढे बोलले. आणि डिसेंबर १९७४पासून वर्षभर मौन धरलं! कोणत्या खान्यात घालायचं त्यांना?

चिंतामणराव देशमुख विनोबांहून फक्त चार महिन्यांनी लहान, बालपण रोह्याकडचं. हे परीक्षा सोडणारे नव्हेत, पहिले येणारे. आयसीएस झाले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. शिस्तीतला सरकारी माणूस म्हणावा, तर १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडून मोकळे.

म्हणजे हे सिद्धांत टाकाऊ आहेत का? मुळीच नाही. स्वभावात जन्मजात भाग असतोच, जुळ्यांच्या अभ्यासांतून तो साधारण निम्मा असल्याचं दिसतं. पण हा हिशेब लोकसमूहातल्या फरकांचा, एकट्या मुलाचं भविष्य नव्हे. आज मानसशास्त्रज्ञ जे पाच गुणविशेष मानतात, तेही खाने नसून मोजपट्ट्या आहेत, आणि बहुतेक माणसं पट्टीच्या मधल्या भागात कुठेतरी असतात. मोबाईलवरची टेस्ट मात्र इकडे नाहीतर तिकडे ढकलून मोकळी होते.

आणि आपण मोठी माणसं तरी काय वेगळं करतो? घुम्या, आगाऊ, चेंगट, तिरसट... पाहुण्यांसमोर मुलाची ओळख करून देताना सहज बोलून जातो. पेणच्या कारखान्यात गणपती साच्यातून काढतात ते ठीक आहे. पोरांना कशाला साचा? मला वाटतं, स्वभावाचं वर्णन करावं, निकाल देऊ नये. "आज गप्प आहे" आणि "गप्पच आहे" यात फार फरक आहे.

त्या पोराला एवढंच म्हटलं, "भाग घे नाहीतर नको घेऊस. पण कारण टेस्टचं सांगू नकोस."

तो काही बोलला नाही. घुम्या म्हणणार होतो, जीभ चावली.

आत्या, वाचत असशील तर कळव, स्पर्धेचं काय झालं ते.