पदवीचे चौथे वर्ष कशासाठी?

गेल्या काही महिन्यांत आमच्याकडे आलेल्या पत्रांत आणि फोनवर एकच प्रश्न वेगवेगळ्या घरांतून विचारला जातो आहे. मुलगी बी.ए.ला आहे किंवा मुलगा बी.एस्सी.ला आहे. कॉलेजातले सर म्हणतात, ‘ऑनर्स कर, चौथ्या वर्षी संशोधन कर.’ घरात अब्बांचे म्हणणे असे की पदवी तीन वर्षांची असते, मग हे चौथे वर्ष कुठून आले? अम्मींचा हिशेब याहून सरळ आहे. वर्ष वाढले म्हणजे फी वाढली, एसटीचा पास वाढला, होस्टेल असेल तर खाणावळ वाढली. आणि मुलीचे असेल तर आलेले स्थळ आणखी एक वर्ष थांबवायचे. या शंकांना मागासलेपणा म्हणायला आम्ही तयार नाही. ज्याला पैसे मोजायचे आहेत त्याने ते कशासाठी मोजायचे, हे विचारलेच पाहिजे.

आधी नियम पाहू. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून ही रचना आली. महाराष्ट्रात ती 2023-24 पासून विद्यापीठांच्या विभागांत आणि स्वायत्त महाविद्यालयांत सुरू झाली, आणि 2024-25 पासून संलग्न महाविद्यालयांत. म्हणजे 2024 साली गावातल्या किंवा तालुक्याच्या संलग्न कॉलेजात गेलेली मुले 2027-28 मध्ये चौथ्या वर्षाला पोहोचतील. तिसऱ्या वर्षानंतर पदवी घेऊन बाहेर पडता येते आणि ती पूर्ण पदवी असते. ‘तीन वर्षांची पदवी आता अर्धवट झाली’ ही मोहल्ल्यात फिरणारी बातमी खोटी आहे. ज्याला थांबायचे आहे त्याच्यापुढे दोन वाटा आहेत. एक नुसते ऑनर्स, म्हणजे आणखी काही विषय शिकायचे आणि परीक्षा द्यायची. दुसरी संशोधनासह ऑनर्स. हिच्यासाठी पहिल्या सहा सत्रांत मिळून 75 टक्के गुण लागतात आणि चौथ्या वर्षी 12 श्रेयांकांचा प्रबंध स्वतः लिहावा लागतो.

वर्षांचा हिशेबही मांडून टाकू, कारण घराघरांत तो चुकतो. तीन वर्षांची पदवी घेऊन एम.ए. केले तर पुढे दोन वर्षे लागतात. चार वर्षांची घेतली तर एम.ए. एका वर्षात करण्याची सोय नव्या आराखड्यात आहे. दोन्ही मिळून पाचच. ज्या घरात मूल एम.ए., एम.एस्सी. करणार हे ठरलेलेच आहे, तिथे चौथे वर्ष ‘वाया’ जात नाही. पीएच.डी.चा विचार असेल तर फरक आणखी मोठा. 2022 च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीत 75 टक्के असलेल्याला एम.ए. न करताही पीएच.डी.च्या प्रवेशासाठी अर्ज करता येतो. मात्र स्पर्धा परीक्षा द्यायची असेल, तिथे तीन वर्षांची पदवी पुरते. आणि घरी कमावता हात कमी असेल, तर मुलाने तीन वर्षांनी पदवी घेऊन कामाला लागण्यात काही कमीपणा नाही. चौथे वर्ष सर्वांनी करावे असे आम्ही कोणालाही सांगणार नाही.

पण ज्या मुलाला किंवा मुलीला खरोखर प्रश्न पडतात, तिच्यासाठी या वर्षात नेमके काय आहे? ‘रिसर्च’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पांढरा कोट आणि काचेच्या नळ्या येतात. आम्हाला त्याऐवजी अलिबागजवळचे किहीम आठवते.

सालिम अली यांचा जन्म 1896 चा, मुंबईचा. आईवडील लहानपणीच गेले, मामांनी वाढवले. कॉलेज पहिल्याच वर्षी सुटले आणि ते ब्रह्मदेशात घरच्या धंद्यावर गेले. परत आल्यावर सकाळी दावर कॉलेजात व्यापाराचे शिक्षण घ्यायचे आणि मग सेंट झेवियर्समध्ये प्राणिशास्त्राच्या तासांना बसायचे असा त्यांचा दिनक्रम होता. फादर ब्लॅटर यांनी त्यांची खरी ओढ ओळखली होती. 1926 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये नोकरी मिळाली, पुढे ते शिकायला बर्लिनला गेले आणि 1930 मध्ये परतले तर पैशांअभावी ती जागाच बंद झालेली. मग पत्नी तहमिना यांच्यासह ते किहीमला राहायला गेले. हातात नोकरी नाही, पण घराजवळ सुगरण पक्ष्यांची वस्ती. पावसाळाभर ते त्या घरट्यांकडे पाहत बसले आणि टिपत गेले. कोणत्या नराने कोणते घरटे कधी सुरू केले, किती विणले, मादी कधी आली, तिने पाहून पसंत केले की सोडून दिले, सगळे. त्यातून दिसले ते असे की नर घरटे अर्धवट विणतो, मादी येऊन पारखते, तिला पटले की ते पुरे होते, आणि मग तो नर दुसरे घरटे विणायला घेऊन दुसऱ्या मादीची वाट पाहू लागतो. (नाव सुगरण आणि विणणारा नर, ही आपल्या भाषेची गंमत.) 1931 मध्ये हे निरीक्षण बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले आणि अभ्यासकांत त्यांचे नाव झाले.

ही हकीकत आम्ही दोन कारणांसाठी सांगितली. एक म्हणजे संशोधनाला लागते ते बहुधा एवढेच: एक नेमका प्रश्न, रोज जाऊन पाहण्याची चिकाटी आणि दिसले तेच लिहिण्याचा प्रामाणिकपणा. दुसरे कारण जरा कडू आहे. याच सालिम अलींना झुऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियातली पक्षिशास्त्रज्ञाची जागा मिळाली नाही, कारण विद्यापीठाची रीतसर पदवी नव्हती. आवड आणि कागद दोन्ही लागतात. चौथे वर्ष ही दोन्ही एकत्र मिळण्याची एक जागा आहे.

आता घरातले उदाहरण घेऊ. समजा, तुमची मुलगी समाजशास्त्राची विद्यार्थिनी आहे आणि तिने विषय सांगितला, ‘मुस्लिम स्त्रियांचे शिक्षण’. चांगले मार्गदर्शक असतील तर पहिल्याच भेटीत तो परत करतील. ते विचारतील, कोणत्या स्त्रिया? कुठल्या? कोणत्या काळातल्या? मुलगी हिरमुसून घरी येईल. अशी दोन-चार वेळा परत आली की विषय कदाचित असा होईल: आपल्या मोहल्ल्यातल्या 30 घरांत आजी, आई आणि मुलगी या तिघींची शाळा कोणत्या इयत्तेत सुटली, आणि त्या वेळी घरात काय चालले होते? हा विषय लहान दिसतो, पण याचे उत्तर शोधता येते. पहिल्या विषयावर फक्त भाषण करता येते, आणि भाषणे आपल्याकडे कमी नाहीत.

मग प्रश्नावली. ‘तुम्हाला शिकू दिले नाही का?’ असे तिने लिहिले तर सर लाल रेघ मारतील, कारण उत्तर प्रश्नातच आहे. ‘शाळेचा शेवटचा दिवस आठवतो का? त्यानंतर काय झाले?’ असे विचारले तर दादी बोलू लागेल. दादीला साल आठवत नाही. ती म्हणेल, कोयनेचा भूकंप झाला त्याच्या आदल्या पावसाळ्यात. मुलीला कळायला हवे की भूकंप डिसेंबर 1967 चा, म्हणजे शाळा सुटली त्याच वर्षाच्या पावसाळ्यात. कोणी दुष्काळाचे वर्ष सांगेल, ते 1972 चे. मग मुख्याध्यापकांची परवानगी काढून शाळेचे जुने जनरल रजिस्टर पाहायचे. तिथे शाळा सोडल्याची तारीख आणि कारण यांचा रकाना असतो. रजिस्टरमधले कारण एक आणि दादीने सांगितलेले दुसरे, असेही निघेल. अशा वेळी आपल्याला आवडेल ते ठेवून दुसरे पुसायचे नाही. दोन्ही लिहायची आणि दोन्ही का वेगळी असतील याचा विचार करायचा. हे वीस-एकवीस वर्षांच्या मुलीला जमू लागले तर बाराशे पानांची गाईडे पाठ करूनही जे येत नाही ते तिला आले असे समजावे.

कोणी सांगितले, त्याने कोणाकडून ऐकले, सांगणारा माणूस कसा, हे विचारण्याची शिस्त आपल्याला नवी नाही. मदरशात हदीस शिकणाऱ्या मुलाला सनद म्हणजे काय ते माहीत असते. प्रबंधाच्या पानाखाली द्यायची टीप हे त्याचेच कामकाजी रूप म्हणता येईल.

आणखी एक गोष्ट पालकांनी समजून घ्यावी. लोकांनी मुलीला जे सांगितले ती अमानत आहे. शेजारच्या खालाने शाळा का सुटली हे सांगताना सासरचे, कर्जाचे, एखाद्या आजाराचे काही सांगितले, तर ते प्रबंधात नावानिशी येत नाही आणि आपल्या ओट्यावरही येता कामा नये. मुलाखतीआधी विचारायचे, नको म्हणाली तर थांबायचे, नाव बदलून लिहायचे, हे संशोधनाचे नियमच आहेत. ‘अगं, काय म्हणाली ती?’ हा प्रश्न अम्मींनी गिळलेला बरा. छोट्या वस्तीत एक गोष्ट फुटली की पुढची वीस घरे दार लावून घेतात आणि मुलीचे वर्ष तिथेच अडकते.

इतिहास किंवा भाषा घेतलेल्या मुलांसाठी साहित्य तर आपल्या पेट्यांतच पडले आहे. जुने निकाहनामे, मोडीतले खरेदीखत, जहाजावर गेलेल्या आजोबांची पत्रे, दखनी आणि कोकणी बोलीतली लग्नाची गाणी. मुंबईच्या तय्यबजी कुटुंबात घरच्या घडामोडी लिहून ठेवण्याच्या वह्या असत. त्यांना ‘अखबार’ म्हणत आणि घरातल्या बायकाही त्यांत लिहीत. या वह्यांच्या आधारे सलीमा तय्यबजी यांनी त्या समाजाच्या 1870 ते 1945 या काळावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. पाहुणे आले, कोण आजारी पडले, कोणते पुस्तक वाचले, असल्या नोंदींतून एका समाजाचा इतिहास उभा राहिला. आपल्या घरी असे काही असेल तर साफसफाईत रद्दीवाल्याला देण्याआधी मुलांना दाखवा. मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची करीमी लायब्ररी आहे, काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. पदवीच्या मुलाने कॉलेजचे पत्र घेऊन अशा ठिकाणी जाण्याची भीड मोडली, तर त्या वर्षाची अर्धी कमाई तिथेच झाली.

आता वाईट बाजू. कॉलेजांच्या आसपास झेरॉक्सच्या दुकानांत तयार प्रोजेक्ट मिळतात. नाव आणि रोल नंबर बदला, स्पायरल बाइंडिंग करा, झाले. अलीकडे मोबाइललाच लिहायला सांगतात. विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्याविषयीचे 2018 चे नियम आहेत, त्यांत 10 टक्क्यांपेक्षा जास्त मजकूर जुळला की कारवाईच्या पायऱ्या सुरू होतात. पण नियमांपेक्षा आमचे म्हणणे साधे आहे. असेच करायचे असेल तर चौथे वर्ष घेऊच नये. तेवढ्या पैशांत दुसरे काही शिकावे.

सगळी कॉलेजे हे वर्ष नीट चालवू शकतील असेही नाही. संशोधनासह ऑनर्स चालवायला त्या विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन कायम प्राध्यापक असावेत, अशी आयोगाची अपेक्षा आहे. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चालणाऱ्या विभागांत ते कुठून येणार? म्हणून प्रश्न चौथ्या वर्षाच्या दारात नव्हे, पहिल्या वर्षाच्या प्रवेशावेळीच विचारायचा. या विभागात मार्गदर्शक किती आहेत? चौथ्या वर्षाला मान्यता आहे का? नसेल तर मुलांना कुठे पाठवणार? फी किती? मुलगी असेल तर मार्गदर्शकांची भेट कुठे, किती वाजता होते, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते, शेवटची गाडी कधीची, हेही विचारावे. असे विचारले म्हणून कोणी हसले तर हसू द्या.

गुणांचेही तसेच. 75 टक्के सहाव्या सत्रात एकदम जमत नाहीत, पहिल्या सत्रापासून जमवावे लागतात. पहिल्या वर्षी ‘आत्ताच तर कॉलेज सुरू झाले’ म्हणून गेलेले गुण नंतर भरून काढणे कठीण जाते. पीएच.डी.च्या 75 टक्क्यांच्या अटीत ओबीसी नॉन-क्रीमी लेयर आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांना 5 टक्क्यांपर्यंत सवलत देता येते. ओबीसी यादीत आपल्या अनेक बिरादऱ्या आहेत. पण दाखला काढायचे काम आपण अर्जाच्या शेवटच्या तारखेपर्यंत ढकलतो. जातीचा दाखला, वडिलांच्या शाळेचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला ही कागदपत्रे मुलगी तिसऱ्या वर्षाला असतानाच एका फाइलीत लावून ठेवा. नॉन-क्रीमी लेयर दाखल्याची मुदत संपते. तुमच्याकडच्या दाखल्यावरची तारीख आजच पाहून घ्या.